एक सही, दोन शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेआधी संमतीपत्रावर सही घेतात, हे आपल्याला ठाऊक असते. पण ती सही नेमकी कशाकशासाठी असते?

१९७०च्या दशकात अमेरिकेत स्तनात गाठ आढळली, की बहुधा एकाच सहीवर दोन कामे होत. भूल देऊन गाठीचा तुकडा काढायचा, तो गोठवून त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे (पेशी शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे), आणि कर्करोग दिसला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. आपला स्तन गेला की राहिला, हे त्या स्त्रीला शुद्धीवर आल्यावरच कळे.

इतकी घाई का? बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले होते, की कर्करोग गाठीपासून टप्प्याटप्प्याने बाहेर पसरतो. म्हणून स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढत. पुढे अनेकींचा हात कायमचा सुजे.

जून १९७४ मध्ये रोझ कुशनर या पत्रकार बाईंना गाठ लागली. त्यांनी मिळेल ते वाचून काढले आणि ठरवले, की सही फक्त तपासणीपुरती करायची. अनेक शल्यविशारदांनी या अटीवर नकार दिला. शेवटी एकाने मान्य केले. गाठ कर्करोगाचीच निघाली. मग कुशनर यांनी बफेलोला जाऊन, छातीचे स्नायू राखणारी शस्त्रक्रिया करून घेतली. स्तन त्यांचाही गेलाच. पण निर्णय जागेपणी आणि स्वतः घेतलेला होता. आम्हाला या हकीकतीत हेच मोलाचे वाटते. त्याच सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची शस्त्रक्रिया मात्र एकाच भुलीत उरकली गेली. कुशनर यांनी आधी व्हाइट हाउसला दूरध्वनी केला होता. उपयोग झाला नाही.

१९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेत तज्ज्ञमंडळात कुशनरही होत्या. तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी कराव्यात, असे मंडळाने सुचवले. हॉल्स्टेड यांची मोठी शस्त्रक्रिया आणि तुलनेने लहान उपचार यांची तुलना बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून १,६००हून अधिक स्त्रियांमध्ये चालवली होती. दहा वर्षांचे निष्कर्ष १९८५ मध्ये आले. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता!

आपल्याकडे असाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, त्याचा निकाल २००८ साली लागला. दिल्लीतल्या एका बाईंनी दुर्बिणीतून तपासणीसाठी सही केली होती. त्या भुलीत असताना आईची सही घेऊन त्यांचे गर्भाशय काढण्यात आले. न्यायालयाने म्हटले, की जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि रुग्ण सज्ञान होती. तेव्हा आईची संमती ग्राह्य नाही, रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते.