खाते बँकेत, ॲप कंपनीचे

भारतातील फिनटेक कंपन्यांच्या मोबाइल सेवांना आजचे रूप मिळाले ते रिझर्व्ह बँकेच्या एका निर्णयामुळे. ऑक्टोबर २००८ मध्ये तिने मोबाइल बँकिंगची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि ही सेवा देण्याची मुभा फक्त परवानाधारक बँकांना ठेवली. केनियात त्याआधीच, मार्च २००७ मध्ये, सफारीकॉम या टेलिफोन कंपनीने एम-पेसा सुरू केले होते आणि बँकेची पायरीही न चढलेली माणसे फोनवरून गावी पैसे धाडू लागली होती. भारताने ती वाट घेतली नाही. कंपन्यांना जे करायचे ते बँकेच्या आधाराने करणे भाग पडले.

गरज मात्र दोन्हीकडे सारखीच होती. १८८० मध्ये सुरू झालेल्या टपाल खात्याच्या मनीऑर्डरवर गिरणगावातल्या चाकरमान्यांची कोकणातली घरे चालली. दिल्लीत राबणाऱ्या बिहारी मजुरालाही तसाच भरवशाचा मार्ग हवा होता. २००७ मध्ये स्थापन झालेल्या इको या कंपनीने तो स्टेट बँकेच्या साहाय्याने दिला. किराणा दुकानदार बँकेचा प्रतिनिधी झाला. साध्या फोनवर ठरावीक आकडे डायल केले की व्यवहार होई, आणि छापील पुस्तिकेतला एकदाच वापरायचा संकेतांक सहीचे काम करी. स्मार्टफोन नसलेल्या माणसाचा विचार इतक्या आपुलकीने नंतर फार थोड्यांनी केला.

मुंबईच्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, २२ नोव्हेंबर २०१० रोजी आयएमपीएस सेवा लोकांसाठी खुली केली. रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशीही पैसे तत्काळ पोहोचू लागले. पण मोबाइलवरून पैसे पाठवायचे तर घेणाऱ्याला आपल्या फोन क्रमांकाबरोबर बँकेने दिलेला सात अंकी एमएमआयडी सांगावा लागे. तो बहुतेकांना ठाऊकच नसे.

या अडचणीतून वॉलेटना वाव मिळाला. मोबिक्विक २००९ मध्येच निघाले होते. २०१० पासून मोबाइल रिचार्ज करून देणाऱ्या पेटीएमने २०१४ मध्ये वॉलेट आणले. त्यात आधी पैसे भरायचे आणि मग खर्च करायचे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर भाजीवाल्यांच्या गाड्यांवरही क्यूआर कोड दिसू लागले. तरी या रचनेत मोठी उणीव होती: एका कंपनीच्या वॉलेटमधला पैसा दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये जात नसे.

त्यावरचा तोडगा नोटाबंदीपूर्वीच तयार होता. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते एनपीसीआयच्या यूपीआय या पेमेंट प्रणालीचे उद्घाटन झाले. तेव्हा २१ बँका त्यात सहभागी होत्या. ऑगस्टअखेर बँकांची ॲप लोकांच्या हाती आली, ३० डिसेंबरला एनपीसीआयचे भीम ॲप आले. इथे पैसा वॉलेटमध्ये थांबत नाही, खात्यातून थेट खात्यात जातो. ॲप एका कंपनीचे, खाते भलत्याच बँकेचे आणि घेणाऱ्याचे ॲप तिसरेच असले तरी व्यवहार अडत नाही. मोबाइल बँकिंगच्या या साऱ्या वाटचालीत याहून मोलाची कल्पना दुसरी नाही. फोनपे हे ॲप येस बँकेच्या आधाराने उभे राहिले. सप्टेंबर २०१७ मध्ये गुगलचे तेज आले आणि वर्षभराने त्याचे गुगल पे झाले. जानेवारी २०२० पासून यूपीआयवरील व्यापारी शुल्क शून्यावर आले, तेव्हा कंपन्या कमाईसाठी कर्ज, विमा आणि म्युच्युअल फंडांच्या विक्रीकडे अधिक वळल्या. साध्या फोनवाल्यांसाठी यूपीआय १२३पे यायला मात्र मार्च २०२२ उजाडले.

बँकेवरचे हे अवलंबन किती खोल आहे ते ५ मार्च २०२० रोजी उघड झाले. त्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले आणि फोनपेचे व्यवहार बंद पडले. दुसऱ्या बँकेची सोय करेपर्यंत ग्राहक अडकून पडले. पेटीएमने मे २०१७ मध्ये आपल्या समूहाची पेमेंट्स बँकच काढली होती. नियमपालनातल्या सततच्या त्रुटींवर बोट ठेवत ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने तिला नव्या ठेवी घेण्यास मनाई केली. ती पुढे १५ मार्चनंतर लागू झाली. मुदतीच्या आदल्या दिवशी एनपीसीआयने पेटीएमला इतर कंपन्यांप्रमाणे त्रयस्थ ॲप म्हणून यूपीआय चालवण्याची परवानगी दिली. त्यासाठी पेटीएमने ॲक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँक या चार बँकांचा आधार घेतला.