लँकेशायरचा कापूस आणि सुप्याची खते

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. ब्रिटिश गिरण्यांचा सुमारे तीन चतुर्थांश कापूस तोवर अमेरिकेतून येई. तो आटताच लँकेशायरची नजर मुंबईकडे वळली. निर्यातदारांनी शहरातल्या पेढीवाल्यांना, त्यांनी गावच्या सावकारांना आणि सावकारांनी कुणब्यांना आगाऊ रकमा दिल्या. कापसाच्या एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल मिळे. १८६० ते १८६४ या चार वर्षांत मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात कापसाखालची जमीन दुपटीवर गेली.

१८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. मुंबईत तेजीत फुगलेल्या बॅकबे कंपनीच्या शेअरांची रद्दी झाली आणि त्याची झळ पतपुरवठ्याच्या त्याच साखळीतून गावापर्यंत उतरली. पुणे-नगरचा कोरडवाहू टापू मुळात ज्वारी-बाजरीचा. कापसाची खरी पेठ खानदेश-वऱ्हाडात. त्यामुळे १८७५ मध्ये इथे सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्यांचे सारे खापर कापसावर फोडता येत नाही. मंदी परक्या बाजारातून आली, पण ती सोसण्याची गावाची ताकद सरकारी कागदांनी आधीच पोखरली होती.

त्यातला पहिला कागद साऱ्याचा. तीस वर्षांची जुनी जमाबंदी नेमकी याच सुमारास संपत होती. इंदापुरात १८६७ साली फेरआकारणी झाली ती तेजीतले भाव धरून. अनेक ठिकाणी सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी चढला आणि तो भरायचा रोखीत. दुसरा कागद १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचा. कर्जखत तीनच वर्षे चालावे, म्हणजे व्याज साचणार नाही, हा त्यामागचा हेतू. सावकारांनी तो सहज उलटवला. दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेतले की थकलेले व्याज मुद्दलात जमा होई. कुणबी अंगठा उठवी, कोर्टात मात्र फारसा फिरकत नसे. एकतर्फी हुकूमनामे निघत आणि जप्ती येई.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी जमावाने गुजर-मारवाड्यांच्या पेढ्यांवर चाल केली. धान्य लुटले गेले, काही घरेही पेटली, तरी लोकांचा खरा रोख वह्या आणि खतांवर होता. ती हाती लागली की जाळली जात. लोण नगर जिल्ह्यात गेले आणि तीसहून अधिक गावांत दंगे झाले.

सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. त्यात दोष सावकारांच्या माथी मारून साऱ्याला जवळपास निर्दोष ठरवले होते, आणि सरकारनेच नेमलेल्या आयोगाकडून वेगळे काही अपेक्षितही नव्हते. १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा त्यातूनच आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत कर्जापायी होणारी कैद बंद झाली. गहाण न टाकलेली जमीन कर्जवसुलीसाठी विकता येईना. मुख्य म्हणजे खतामागचा व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. करार पवित्र मानणाऱ्या राजवटीने घेतलेली ही मोठी माघार होती.

सावकारांनी यावरही तोड काढली. गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि पैसे फिटल्यावर जमीन परत करण्याचा करार तोंडीच ठेवू लागले. अखेर खरेदीखताआडचे गहाण शोधण्याची मुभाही कोर्टांना द्यावी लागली.