फोर्ट स्टिकीन : एका जहाजाचा आणि अनेक सवलतींचा इतिहास

मुंबईच्या जुन्या पिढीत गोदीतल्या स्फोटाचा विषय निघाला की पाठोपाठ सोन्याच्या विटांची कथा हमखास येते. विटा खऱ्याच होत्या. ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर ३१ पेट्यांत १२४ विटा होत्या. परंतु या कथेच्या झळाळीत एक प्रश्न झाकला जातो : शत्रूने हल्ला केलेला नसताना एवढा संहार घडला कसा?

१९४२ साली कॅनडात बांधलेले हे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा, शिवाय विमाने. कराचीत त्यात कापसाच्या गाठी आणि वंगणाची पिंपे भरली गेली. कप्तान अलेक्झांडर नायस्मिथ यांनी आक्षेप नोंदवला होता. पण युद्धकाळात जहाजांची टंचाई होती आणि रिकामी जागा ठेवणे परवडणारे नव्हते. शांततेच्या काळात स्फोटके घेऊन आलेल्या जहाजाला गोदीत प्रवेश नसे. युद्धाने हाही नियम शिथिल केला. १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीच्या धक्क्याला लागले.

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास क्रमांक २ च्या कप्प्यातून धूर दिसला. खाली कापूस, वर स्फोटके. बंबवाल्यांनी सुमारे ९०० टन पाणी ओतले, तरी आगीचे मूळ हाती लागेना. जहाज ओढून बाहेर न्यावे, बुडवावे की तिथेच झुंजावे? धक्क्यावर अधिकारी अनेक होते. मात्र निर्णायक आज्ञा देणारा कोणी नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सुमारे १,४०० किलोमीटरवरील सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याचा धक्का नोंदला गेला. ‘जलपद्म’ हे जहाज उचलले जाऊन गोदीतल्या शेडवर आदळले. आग वस्तीत पसरली. ढिगारे उपसण्यास आठ हजार माणसांना सात महिने लागले.

या स्फोटात ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कप्तान नायस्मिथही त्या दिवशी मरण पावले. परंतु एकूण मृत किती, याविषयी एकमत नाही. अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. सेन्सॉरमुळे ब्रिटिश राजवटीने ही बातमी कित्येक आठवडे दडपली, तेव्हा शोकालाही शब्द मिळाले नाहीत.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थबकावे. जहाजावरच्या विटांची संख्या आपल्याला नेमकी ठाऊक आहे. माणसांची मात्र अंदाजाने सांगावी लागते. सोन्याची नोंद मालाच्या यादीत होती. ज्यांचे नाव कोणत्याही यादीत नव्हते, ते या अंदाजाच्या आठशे आणि तेराशेच्या मधल्या अंतरात हरवले. एकेक सवलत देताना प्रत्येकाकडे कारण होते, आणि ते कारण त्या क्षणी पटण्याजोगेही होते. म्हणूनच या संहाराला एक खलनायक सापडत नाही. सोन्याची कथा सांगणे सोपे आहे. त्या सवलतींचा हिशेब मांडणे अवघड, पण तेच अधिक गरजेचे.