आजीची कॉर्डेलिया

आमच्या अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, सांगलीत तीसेक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. रात्री माडीवर अंथरुणं पडली की लिअर राजाची गोष्ट निघायची. थोरल्या दोघी बापाला घराबाहेर काढतात, धाकटी कॉर्डेलिया फौज घेऊन येते, त्याला सोडवते आणि राज्य परत मिळतं. आजी खाली भांडी आवरता आवरता ऐकायची.

1983 साली दोघं लंडनला आत्याकडे गेले. ईस्टरच्या रविवारी टीव्हीवर लॉरेन्स ऑलिव्हिएचा ‘किंग लिअर’ लागला होता. हे सगळं आत्याकडून ऐकलेलं. ती म्हणते आजीनं भडंग केलं होतं, काका म्हणायचे मेतकूट-भात. भडंगच असणार, चुरमुऱ्यांची पिशवी आजीनं इथूनच नेली होती.

आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण गोष्ट पाठ, म्हणून निवांत बसली होती. पंच्याहत्तरीचा, खरोखरच थकलेला ऑलिव्हिए कॉर्डेलियाला हातांवर घेऊन आला. आजीचा बकाणा तोंडाशीच थांबला.

“अहो, उठेल ना ती?”

अण्णा गप्प. तेवढ्यात म्हातारासुद्धा गेला.

“मग इतकी वर्षं काय सांगत होतात?”

“पोरं झोपायची होती ना!”

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी बाजू मांडली. 1681 मध्ये नेहम टेट नावाच्या कवीनं हेच केलं होतं. त्यानं कॉर्डेलियाला जगवलं, वर एडगरशी लग्नही लावलं. इंग्लंडच्या रंगभूमीवर साधारण दीडशे वर्षं तोच गोड शेवट चालला. डॉक्टर जॉन्सनसारख्या पंडितालाही तिचं मरण इतकं लागलं, की नाटकाचं संपादन करायची वेळ येईपर्यंत त्यानं तो शेवट पुन्हा वाचला नाही. आणि शेक्सपिअरच्या आधीच्या जुन्या नाटकात तर राजाला गादी परत मिळतेच.

“म्हणजे मूळची माझीच,” आजी म्हणाली. “त्या शेक्सपिअरनं बिघडवली.” त्या दिवशी अण्णांच्या ताटलीत भडंग पडलं, पण कांद्याशिवाय.

‘नटसम्राट’ पाहून ती रडली होती, मात्र शिरवाडकरांवर तिचा राग नव्हता. म्हातारा जातो, पण लेक राहते ना, म्हणायची.

सांगलीला परतल्यावर माडीवर पुन्हा लिअर निघाला. बाप-लेक कैदेत पडेपर्यंत अण्णा सांगत. तिथून पुढे हात पुसत आजी वर यायची.