पडद्यावरचा वादक खरंच वाजवत असतो का?

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमचं प्राथमिक साधन कोणतं?" उत्तर आपलं पाठ असतं. पत्रं, दप्तरं, छायाचित्रं, चित्रफिती वगैरे. पण समितीतल्या कुणी पुढे विचारलं, "बरं, ते साधन नेमकं कशाचं साधन आहे?" की आपण अडखळतो. आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलू. त्यासाठी उदाहरण घेतलंय अमेरिकन पडद्यावर दिसलेल्या जॅझवादकांचं.

जॅझचा इतिहास लिहिणाऱ्यांची एक अडचण असते. या संगीतात वादक बरंचसं त्या क्षणी सुचेल तसं वाजवतो, त्यामुळे नुसत्या लिखित स्वरलिपीवरून फारसं हाती लागत नाही. जुन्या तबकड्या आहेत, पण त्यात माणूस दिसत नाही. अशा वेळी चित्रपट सापडला की घबाड मिळाल्यासारखं वाटतं. वादकाचा चेहरा, बोटं, वाद्य धरायची ढब, सगळं समोर! इथेच जरा थांबा.

१९३० साली आरकेओ कंपनीचा 'चेक अँड डबल चेक' हा चित्रपट आला. 'एमस अँड अँडी' ही त्या वेळची प्रचंड लोकप्रिय रेडिओ मालिका. तिच्यातली दोन कृष्णवर्णीय पात्रं फ्रीमन गोसडेन आणि चार्ल्स करेल हे दोन गोरे कलाकार रंगवायचे. चित्रपटात त्यांनी तोंडाला काळा रंग फासला. याच चित्रपटात एका मेजवानीच्या प्रसंगात ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद वाजवताना दिसतो. एलिंग्टन तेव्हा न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमुळे नावारूपाला आलेला होता.

आता चित्र नीट बघा. वाद्यवृंदातला ट्रॉम्बोनवादक हुआन टिझोल पोर्टो रिकोचा, तर क्लॅरिनेटवादक बार्नी बिगार्ड न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल समाजातला. दोघंही वर्णाने उजळ. गोरे आणि काळे वादक एकत्र बसलेत असं प्रेक्षकांना वाटू नये म्हणून या दोघांच्या चेहऱ्यावर गडद रंग चढवला गेला. आता डोळे मिटून ऐका. 'थ्री लिटल वर्ड्स' या गाण्यात एलिंग्टनचे वादक गाताना दिसतात, पण आवाज आहे 'रिदम बॉइज' या गोऱ्या गायकांच्या त्रिकुटाचा. तरुण बिंग क्रॉसबी त्यातलाच एक.

म्हणजे एकाच चित्रपटात गोऱ्या नटांच्या तोंडाला काळा रंग, उजळ वादकांच्या तोंडाला गडद रंग आणि कृष्णवर्णीय वादकांच्या तोंडी गोरा आवाज. एवढं होऊन वाद्यवृंद मात्र खराच!

या दृश्यावरून तुम्ही "हे गाणं एलिंग्टनच्या वादकांनी गायलं" असं प्रबंधात लिहिलंत तर ती सरळ चूक ठरेल. पण म्हणून चित्रपट बाजूला टाकायचा का? मुळीच नाही. प्रयोगशाळेत आपण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या नमुन्याला रंग देतो, तेव्हा तो रंग नमुन्याचा नसतो, आपण चढवलेला असतो. तो कोणता आणि का चढवला हे माहीत असेल तर तो उपयोगी पडतो. माहीत नसेल तर त्यालाच आपण निसर्ग समजून बसतो. इथेही तसंच आहे. एलिंग्टनचे वादक दिसायला कसे होते या प्रश्नासाठी हे साधन कच्चं आहे. हॉलिवूडला ते कसे दिसायला हवे होते या प्रश्नासाठी मात्र ते अव्वल आहे.

चौदा वर्षांनी काय बदललं? १९४४ साली वॉर्नर ब्रदर्सने 'जॅमिन द ब्लूज' हा सुमारे दहा मिनिटांचा लघुपट काढला. दिग्दर्शक होते छायाचित्रकार ग्यॉन मिली. यात ना विनोदी पात्रं, ना मेजवानी. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग, ट्रम्पेटवादक हॅरी एडिसन, तालवादक जो जोन्स आणि सिड कॅटलेट, हेच नायक. प्रकाश-अंधाराचा खेळ इतका देखणा की आजही नजर हलत नाही. पण गिटारवादक बार्नी केसेल शोधायला जाल तर तो सावलीतच बसलेला सापडतो. सगळ्या वादकांत तो एकटा गोरा होता. जवळून घेतलेल्या दृश्यांसाठी त्याच्या हातांना बेरीचा रस लावला होता. इथे संगीत संगीत म्हणूनच दाखवायचं होतं, तरीही मिश्र वाद्यवृंद उघडपणे दाखवायची तयारी नव्हती.

याच काळात एमजीएमच्या चित्रपटांत लीना हॉर्न या गायिकेची गाणी बहुतेक वेळा कथेपासून सुटी चित्रित होत. कारण व्यावहारिक होतं. दक्षिणेकडच्या शहरांत दाखवताना तेवढा तुकडा कापला तरी कथेला धक्का लागू नये. इथून संशोधकाने धडा घ्यायचा तो असा की आपल्या हातातली प्रत कुठली, हेही विचारावं लागतं. एकच चित्रपट दोन शहरांत वेगवेगळा दिसलेला असू शकतो.

"मग सरळ प्रक्षेपण तरी विश्वासाचं ना?" असं तुम्ही म्हणाल. बऱ्याच अंशी हो. ८ डिसेंबर १९५७ रोजी सीबीएस वाहिनीने 'द साउंड ऑफ जॅझ' हा कार्यक्रम थेट प्रसारित केला. बिली हॉलिडे गायली आणि तिच्याभोवती कोलमन हॉकिन्स, बेन वेबस्टर, लेस्टर यंग असे एकाहून एक वादक उभे होते. यंगची तब्येत तेव्हा पार ढासळली होती. तो उठून मोजकेच सूर वाजवतो आणि कॅमेरा हॉलिडेच्या चेहऱ्यावर जातो. १९५९ च्या मार्चमध्ये यंग गेला, जुलैमध्ये हॉलिडे. दहा वर्षांपूर्वी 'न्यू ऑर्लिन्स' या चित्रपटात याच हॉलिडेला मोलकरणीची भूमिका मिळाली होती. दोन्ही चित्रफिती लागोपाठ बघा, पडद्याने तिला काय होऊ दिलं आणि काय नाही ते कळेल. इथेही एक खाचखळगा आहेच. याच नावाची जी तबकडी बाजारात आली ती कार्यक्रमाच्या काही दिवस आधी ध्वनिमुद्रित झालेली आहे. तबकडी ऐकून त्या रात्रीच्या प्रक्षेपणाबद्दल लिहिलंत, तर साधन अस्सल असूनही विधान चुकेल.

शेवटचं उदाहरण एकाच माणसाचं. सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या तुरुंगात होता. 'अनचेन्ड' (१९५५) या चित्रपटाचं चित्रीकरण तिथेच झालं आणि कैद्यांच्या वाद्यवृंदात तो दिसला. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ऐकू येणारा सॅक्सोफोनही त्याचा नाही, दुसऱ्याच वादकाचं वाजवणं त्याच्या बोटांवर बसवलंय.

पुढे १९८६ साली बेर्त्राँ तावेर्निए या फ्रेंच दिग्दर्शकाने 'राउंड मिडनाइट' काढला. पॅरिसमध्ये राहणाऱ्या, दारूने पोखरलेल्या वादकाची ही गोष्ट लेस्टर यंग आणि पियानोवादक बड पॉवेल यांच्या आयुष्यांवर बेतलेली आहे. मुख्य भूमिकेत डेक्स्टर गॉर्डन. या वेळी संगीत चित्रीकरणाच्या जागीच, वादक वाजवत असताना मुद्रित केलं गेलं. साठीला टेकलेल्या गॉर्डनचा घोगरा आवाज, वाक्यांमधली लांबलचक शांतता आणि वाद्यात जाणारा श्वास, तिन्ही एकाच माणसाचे. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळालं. चित्रपटाला संगीत देणाऱ्या आणि त्यात वाजवणाऱ्या हर्बी हॅन्कॉकला ऑस्कर मिळालंच. बोटांपासून श्वासापर्यंत यायला गॉर्डनला ३१ वर्षं लागली.

अर्थात 'राउंड मिडनाइट'ही काही झरोक्यातून टिपलेलं वास्तव नाही. ती रचलेली कथा आहे. पण तिच्यातलं चित्र आणि आवाज एकाच वेळचे आहेत, म्हणून तिला आपण वेगळे प्रश्न विचारू शकतो.

तर तुमच्या वहीत तीन ओळी लिहून ठेवा. चित्र कधी तयार झालं आणि आवाज कधी? दोन्हींवर कुणाचा हात होता? आणि ही प्रत कुणी, कुठे बघितली? उत्तरं पडद्यावर मिळणार नाहीत. त्यासाठी ध्वनिमुद्रणांच्या सूच्या, आठवणींची पुस्तकं, कंपन्यांची कागदपत्रं, त्या वेळची वर्तमानपत्रं चाळावी लागतील. काम कंटाळवाणं आहे, पण शोध तिथेच लागतो.

सराव करायचा असेल तर आपल्या घरचंच साधन घ्या. भगवानदादांचा 'अलबेला' (१९५१) पुन्हा लावा. सी. रामचंद्रांच्या संगीतावर नाचणारे भगवानदादा आपल्याला पाठ आहेत. या वेळी नजर त्यांच्यावरून काढून मागच्या वाद्यवृंदावर ठेवा. तिथे ट्रम्पेट घेऊन उभा असलेला चिक चॉकलेट हा मुळात गोव्याचा आणि मुंबईच्या जॅझविश्वातला नावाजलेला वादक. खऱ्या नावाने अँटोनियो झेवियर वाझ. अनेकांनी त्याला एक्स्ट्रा समजून नजरेआड केलं असेल. तीन प्रश्न घेऊन बसा आणि काय सापडतंय ते मला जरूर कळवा.