चालकाविना मालट्रक : महामार्गावरील नवे पर्व

स्वयंचलित वाहनांचे शून्य ते पाच असे सहा स्तर मानले जातात. ठरावीक मार्गावर व ठरावीक परिस्थितीत मानवी साहाय्याविना धावणारे वाहन चौथ्या स्तरात मोडते. चालकाविना मालट्रक याच स्तरातील होत.

या वाहनांचा नियमित वापर प्रथम खाणींत सुरू झाला. ऑस्ट्रेलियातील पिलबारा या लोहखनिजाच्या प्रदेशात रिओ टिंटो कंपनीने २००८ पासून असे डंपर वापरात आणले. सार्वजनिक रस्ता मात्र अवघड ठरला. २०१६ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो राज्यात ऑटो कंपनीच्या ट्रकने बिअरचे सुमारे ५० हजार कॅन महामार्गावरून नेले. तथापि चालक गाडीतच होता. पुढे या कंपनीची मालक असलेल्या उबरने २०१८ मध्ये हे काम बंद केले. टेक्सासमध्ये डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर ऑरोरा कंपनीने २०२५ मध्ये चालकाविना व्यावसायिक वाहतूक सुरू केली. थोड्याच दिवसांत, ट्रक-उत्पादकाच्या विनंतीवरून, चालकाच्या आसनावर पुन्हा निरीक्षक बसविण्यात आला.

अशा ट्रकला कॅमेरे, रडार व लायडार दृष्टी देतात. लायडार लेझर किरण सोडून ते परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजतो. अमेरिकेत भरलेला ट्रक सुमारे ३६ टनांपर्यंत असू शकतो. तो थांबण्यास मोठे अंतर लागते. म्हणून दूरचा अडथळा वेळीच ओळखणे अत्यावश्यक ठरते.

आर्थिक आकर्षण विश्रांतीच्या नियमात आहे. तेथे चालकास सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर कमाल ११ तास वाहन चालविता येते. यंत्रास ही मर्यादा नाही. म्हणून महामार्गाचा लांब पल्ला यंत्राने आणि शहरातील गल्लीबोळ माणसाने पार करावा, अशी विभागणी सुचविली जाते.

भारतात प्रश्न प्रामुख्याने रोजगाराचा आहे. चालकांच्या नोकऱ्या जातील, या कारणास्तव अशा मोटारींना परवानगी देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये स्पष्ट केले. शिवाय चालकाचे काम सुकाणूपुरते नसते. ताडपत्री बांधणे, टायर तपासणे, नाक्यावर कागदपत्रे दाखविणे आणि बिघाड झाल्यास रस्त्यावर इशाऱ्याचे त्रिकोण ठेवणे हेही त्याच्याकडेच असते. ही कामे कोण करणार, याचे उत्तर मिळाल्याविना मालवाहतुकीतून माणूस पूर्णतः वजा होणे कठीण आहे.