गिलगिटची वाट कुणाच्या पाठीवर?



सरहद्दीचा इतिहास आपण बहुधा राजे, सेनापती आणि तहनामे यांच्या भाषेत ऐकतो. आज तो मी ओझ्याच्या हिशेबाने सांगणार आहे, आणि त्यासाठी गिलगिटचा मुलूख निवडला आहे.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढे आणा. हिमालय, काराकोरम आणि हिंदुकुश या तीन रांगा जेथे एकमेकींना भिडतात, तेथेच गिलगिट नदी सिंधूला मिळते. संगमापासून जवळच, सुमारे ५,००० फुटांवर, गिलगिट गाव आहे. दक्षिणेस २६,६६० फुटांचा नंगा पर्वत, उत्तरेस २५,५५० फुटांचा राकापोशी. पावसाळी ढग डोंगरांच्या अलीकडेच रिते होतात. गिलगिटच्या वाट्याला वर्षाकाठी पाच-साडेपाच इंच पाऊस येतो. शेती होते ती हिमनद्यांचे पाणी पाटाने आणून, लहान लहान पट्ट्यांत. त्या मुलखात रयतेपुरते पिके. फौजेला पुरेल एवढे पिकत नसे. पुढच्या साऱ्या हालांचे मूळ येथे आहे.

एकोणिसाव्या शतकात रशियाचे साम्राज्य पामीरकडे सरकत होते. १८७७ साली इंग्रजांनी गिलगिटला आपला प्रतिनिधी बसवला आणि १८८१ साली परत बोलावला. १८८८ साली ग्रोम्बचेव्हस्की हा रशियन अधिकारी हुंझापर्यंत येऊन गेला; लगेच १८८९ साली गिलगिट एजन्सी पुन्हा उभी राहिली. १८९१ च्या डिसेंबरात हुंझा-नगरवर स्वारी झाली. १८९५ साली पामीरची हद्द ठरली, आणि दोन साम्राज्यांच्या मध्ये वाखानची चिंचोळी पट्टी अफगाणिस्तानकडे राहिली. पण या सगळ्या काळात गिलगिटच्या ठाण्यावरचे काश्मीर दरबारचे शिपाई खात काय होते?

खात होते काश्मीरचे धान्य. वुलर सरोवराकाठच्या बंदीपूरहून गिलगिट सुमारे २०० मैल. वाटेत साडेअकरा हजार फुटांहून उंच राजदान खिंड, मग गुरेझ, मग सुमारे १३,८०० फुटांची बुर्झिल खिंड, पुढे आस्तोर आणि बुंजी. बुर्झिल नीट खुली राही ती उन्हाळ्याचे तीन-चार महिने. १८९० पूर्वी खेचरांचा धड रस्ता नव्हता. तेव्हा ओझे चढले काश्मिरी शेतकऱ्याच्या पाठीवर. याचेच नाव बेगार. आपल्या वेठबिगारीतला शब्द तोच.

आता हिशेब करा. समजा, गड्याच्या पाठीवर ३० शेर धान्य आहे, त्याला रोजचा एक शेर लागतो, आणि वाट पंधरा दिवसांची आहे. जाताना पंधरा शेर संपले, परतीला पंधरा हवेत. ठाण्यात पोहोचवायला दाणाही उरत नाही. धान्य पोहोचायचे तर गड्याने उपाशी चालायचे, किंवा ठरल्या ओझ्यावर आपली शिदोरी आणि घोंगडे वाहायचे. बर्फात किती कोसळले असतील, हे या गणितावरून समजते.

शिवाय खिंड उघडे ती नेमकी भाताच्या दिवसांत. लावणीच्या आणि कापणीच्या वेळी गडी वाटेवर, शेत ओसाड. जमाबंदी अधिकारी वॉल्टर लॉरेन्स यांनी १८९५ च्या आपल्या ग्रंथात या बेगारीचे हाल नोंदवले आहेत. हा भार साऱ्यांवर सारखा नव्हता. श्रीनगर शहराला माफी होती, जहागिरीच्या रयतेला आसरा होता. म्हणून कित्येक शेतकऱ्यांनी बेगार चुकवण्यासाठी आपली जमीन वजनदार माणसांच्या हवाली केली. पाठ वाचवायला जमीन द्यावी लागली, असा हा सौदा! पुढे खेचरांचा रस्ता झाला, नियम बदलले आणि बेगार टप्प्याटप्प्याने हटली.

१९४७ च्या नोव्हेंबरपासून हा मुलूख पाकिस्तानच्या ताब्यात आहे. राज्य बदलले तरी डोंगर बदलले नाहीत. १९७८ साली काराकोरम महामार्ग पुरा झाला. तो बांधताना आठशेहून अधिक पाकिस्तानी आणि सुमारे दोनशे चिनी कामकरी मेले, असे सांगितले जाते. त्यांतल्या चिनी मजुरांची दफनभूमी गिलगिटजवळ दन्योर येथे आहे. आणि ४ जानेवारी २०१० रोजी हुंझात अत्ताबाद येथे दरड कोसळली, नदी तुंबून सरोवर झाले, महामार्ग मैलोगणती पाण्याखाली गेला. पुन्हा नावांतून ओझी वाहणे आले. २०१५ साली बोगदे होईपर्यंत ते चालले.

आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बेगारीला बंदी केली आहे. इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हा आपलाच शब्द ठेवला आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. परंतु कलम कागदावर असते आणि खिंड जागच्या जागी. लडाखच्या उंच रस्त्यांवर झारखंडातील दुमका भागाचे मजूर खडी फोडतात. त्यांना मजुरी वेळेवर मिळते का, गरम कपडा मिळतो का, गडी मेला तर घरच्यांना भरपाई कोण देतो, हे प्रश्न सरहद्दीच्या संरक्षणाचेच प्रश्न होत. म्हणून माझी आपल्याला एवढीच विनंती आहे की, सरहद्दीवरच्या नव्या रस्त्याची बातमी वाचाल तेव्हा त्याची लांबी आणि उंची जरूर वाचा. पण त्या कामाचा हजेरीपटही पाहावयास मागा.